माणसांची प्रतवारी

प्रतवारी हा शब्द व्यापारी घरांना शिकवावा लागत नाही. सांगलीच्या हळद बाजारात ज्यांची तिसरी-चौथी पिढी आज पेढीवर बसते, त्यांच्या घरातील लहान मुलालाही हळकुंड, गड्डा आणि कणी यांतील फरक सांगता येतो. मूठभर नमुना तळहातावर घेऊन सबंध ढिगाची प्रत ओळखणे ही विद्या पुस्तकातून येत नाही. ती डोळ्यांत आणि बोटांत मुरावी लागते. अशाच एका घरातील नात वैद्यकीय शिक्षणाच्या शेवटच्या वर्षात पोहोचली आणि एके दिवशी जेवताना सहज म्हणाली, "आजोबा, आम्हाला आता माणसांची प्रतवारी करायला शिकवताहेत." आजोबांचा घास हातातच राहिला. आयुष्यभर मालाची प्रत लावलेल्या त्या गृहस्थांना माणसाला प्रत लावण्याची कल्पना सहन होण्यासारखी नव्हती.

मूळ शब्द मात्र बाजारातूनच आलेला आहे. फ्रेंच भाषेत निवडणे, वेगळे करणे या अर्थाचे 'त्रिए' असे क्रियापद आहे. त्यावरून बनलेला 'ट्रायेज' हा शब्द 18व्या शतकात लोकरीच्या निवडीसाठी वापरला जाई, आणि पुढे कॉफीच्या व्यापारात फुटक्या बियांच्या हलक्या प्रतीला तेच नाव मिळाले. रणांगणावरील जखमींची निवड त्याआधीपासून होत होती; तिला हे नाव नंतर चिकटले. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यविशारद दोमिनिक झां लारे यांनी जखमींना घोडागाडीतून त्वरेने हलवण्याची व्यवस्था उभी केली आणि त्याहून मोठी गोष्ट केली, ती अशी की आधी कोणाकडे पाहायचे हे त्यांनी हुद्द्यावरून ठरवू दिले नाही. ज्याची जखम गंभीर, तो पहिला. मग तो सेनानी असो, साधा शिपाई असो वा शत्रूच्या बाजूचा असो. आजोबांना हे ऐकून थोडे बरे वाटले. पण त्यांनी एक शंका काढलीच. बाजारात उत्तम माल आधी उचलला जातो. येथे तर सर्वांत खालावलेल्याला आधी उचलायचे. मग ही प्रतवारी उलटी झाली.

नातीने सांगितले, पूर्ण उलटीही नाही. तिथेच खरी अडचण आहे.

एरवी रुग्णालयात एका रुग्णाभोवती चार माणसे असतात. मंडप कोसळतो, रेल्वेचा डबा घसरतो किंवा जिन्यावर चेंगराचेंगरी होते, तेव्हा चार माणसांभोवती चाळीस रुग्ण असतात. अशा वेळी प्रत्येकासाठी शक्य ते सर्व करायचे, हा वैद्यकाचा नित्याचा धर्म पाळताच येत नाही. उपलब्ध हातांनी जास्तीत जास्त जीव कसे वाचतील, एवढाच प्रश्न उरतो. त्यासाठी 1983 मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, न्यूपोर्ट बीच येथील अग्निशमन दल आणि होग रुग्णालय यांनी मिळून 'स्टार्ट' नावाची एक सोपी पद्धत तयार केली. जगभर ती आजही शिकवली जाते. ज्याला चालता येते त्याने एका बाजूला व्हावे. त्याला हिरवी फीत. उरलेल्यांपाशी एकेक करून जायचे आणि प्रत्येकापाशी मिनिटभराच्या आत निर्णय घ्यायचा. श्वास चालू नसेल तर मान सरळ करून श्वासमार्ग मोकळा करायचा. श्वास परत आला तर लाल फीत. नाही आला तर काळी. श्वास मिनिटाला तीसपेक्षा जास्त असेल, मनगटाची नाडी लागत नसेल किंवा 'माझा हात दाबा' एवढी साधी सूचनाही समजत नसेल, तरी लाल. हे सर्व ठीक असून चालता येत नसेल तर पिवळी. वाहते रक्त थांबवणे आणि श्वासमार्ग मोकळा करणे या दोन गोष्टींपलीकडे या फेरीत उपचार करायचे नाहीत. फीत बांधायची आणि पुढे जायचे.

वाचायला हे दहा मिनिटांत समजते. परीक्षेत लिहिताही येते. परंतु कण्हणाऱ्या माणसाने पदर धरलेला असताना तो सोडवून पुढच्याकडे जाणे हे लिहिता आल्याने करता येत नाही. म्हणूनच आरोग्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अशा आपत्तीची रंगीत तालीम करावी लागते. 'रंगीत तालीम' हा सरकारी मराठीतला शब्द येथे फारच चपखल बसतो, कारण रंगांवाचून ही तालीम होतच नाही.

त्या महाविद्यालयाच्या मैदानावर एका दुपारी असा मंडप 'कोसळला'. खालच्या वर्गातील विद्यार्थी आणि परिचर्या अभ्यासक्रमाच्या मुली मिळून चाळीस जण जखमी झाले होते. ग्लिसरीनमध्ये कालवलेला लाल रंग, मेणाच्या जखमा, पिठाने पांढरे केलेले केस. प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड होते: श्वास किती, नाडी लागते की नाही, बोलतो की नाही. त्याखाली दुसरे बंद कार्ड, दहा मिनिटांनी उघडायचे. त्यात काहींची प्रकृती सुधारलेली असे, काहींची बिघडलेली. ही युक्ती आजोबांना विशेष पटली. मालाची प्रत एकदा लागली की लागली. माणसाची प्रत दर दहा मिनिटांनी पुन्हा पाहावी लागते.

तालमीत काही मुद्दाम पेरलेले घोटाळे असतात. एक मुलगा 'माझी आई कुठे आहे' असे ओरडत फीत बांधणाऱ्यांच्या मध्ये येत राहतो. एक जण चित्रण करत फिरतो. मोबाइल बंद पडल्याचे जाहीर होते आणि निरोप माणसाकरवी पाठवावे लागतात. दोन शस्त्रक्रियागृहे मोकळी आहेत असे सांगून ऐन वेळी एकच असल्याचे कळवतात. नवशिक्या विद्यार्थ्यांच्या दोन खोडी येथे हमखास उघड्या पडतात. पहिली, पाय आपोआप ओरडणाऱ्याकडे वळतात. वास्तविक जो ओरडू शकतो त्याचा श्वास चालू आहे. भीती असते ती कोपऱ्यात गप्प पडलेल्याची. दुसरी, कनवाळू हात सगळ्यांनाच लाल फीत बांधतात. चाळीसपैकी तीस लाल झाले की त्या रंगाला अर्थ राहत नाही, आणि जो खरोखर पाच मिनिटांत जाणार आहे तो रांगेत विसावा लागतो. व्यापाऱ्याला हे निराळे समजावून सांगायला नको. सगळ्याच पोत्यांवर पहिल्या प्रतीचा शिक्का मारणारी पेढी गिऱ्हाइकाचा आणि शेतकऱ्याचाही घात करते.

नातीच्या वाट्याला मैदानाची लिंबाच्या झाडाकडील बाजू आली होती. तिने नऊ जणांना फिती बांधल्या आणि नऊच्या नऊ बरोबर निघाल्या. त्यांतील एक फीत काळी होती. पिठाने केस पांढरे केलेली, लुगडे नेसून वृद्धा झालेली एक मुलगी तेथे निपचित पडली होती. कार्डावर लिहिले होते, श्वास नाही. नातीने तिची हनुवटी वर उचलून मान सरळ केली, कार्ड उलटले. तरीही श्वास नाही. काळी फीत बांधून ती उठली आणि पलीकडच्या मुलाच्या मांडीचे रक्त थांबवायला गेली. निरीक्षकाच्या घड्याळात सारे मिळून वीस सेकंद गेले होते. त्याने वहीत बरोबरची खूण केली.

तालीम संपल्यावर सर्वांना गोल बसवून घडले ते पुन्हा आठवायचे, हा या शिक्षणाचा निम्म्याहून मोठा भाग असतो. प्राध्यापकांचा नियम असा की, प्रत्येकाने आधी स्वतः काय केले ते सांगायचे. दुसऱ्याचे दोष काढायचे नाहीत. कुठे थांबलो, कुठे घाई केली, काय दिसूनही दिसले नाही, हे क्रमाने मागे जात पाहायचे. जैन घरातील मुलीला ही रीत नवी नव्हती. प्रतिक्रमण म्हणजे तरी दुसरे काय? दिवसाच्या पावलांवरून उलटे चालत जाणे. फरक एवढाच की येथे ते मोकळ्यावर आणि सर्वांदेखत करायचे होते. बैठक लांबली. सूर्यास्त होऊन गेला आणि डब्यातले जेवण तसेच राहिले. तिच्याबद्दल बोलण्यासारखे फारसे काही निघाले नाही, कारण तिचे काही चुकलेच नव्हते.

घरी आल्यावर आजीने डबा भरलेला पाहिला आणि सगळे विचारून घेतले. वृद्धेच्या प्रसंगापाशी ती थांबली.

"श्वास नव्हता म्हणून सोडून गेलीस?"

"आजी, तसेच करायचे असते. तिथे थांबले असते तर पलीकडचा मुलगा गेला असता."

"ते कळलं गं. त्या पोराकडे जायलाच हवं होतं." आजी जराशी थांबली. "पण मग तिच्यापाशी कोण होतं? णमोकार म्हणायला तरी?"

ज्या घरात पाणी गाळून पितात, दिव्याभोवती चिलटे जमू लागली तर दिवा झाकतात, त्या घरात हा प्रश्न निघणारच. जाणाऱ्याच्या कानाशी कोणीतरी असावे, हे या समाजात उपचाराइतकेच मोठे कर्तव्य मानलेले आहे. आजीने प्रतवारीला विरोध केला नव्हता. प्रतवारी झाल्यावर सर्वांत खालच्या ओळीचे काय होते, एवढेच तिने विचारले होते. नातीजवळ त्या रात्री उत्तर नव्हते. तिला अस्वस्थ करत होती ती फीत नव्हे, तर ती बांधताना आपला हात जराही थरथरला नाही ही गोष्ट.

आजोबांनी आपल्या परीने तिची समजूत घातली. रोजच्या स्वाध्यायातून त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसलेली होती. जैन विचारात हिंसेचे मूळ प्रमादात, म्हणजे बेसावधपणात आहे. केवळ जीव गेला एवढ्यावरून हिंसेचा निवाडा होत नाही, मन आणि हात सावध होते की नव्हते हे पाहिले जाते. त्यांच्या मते तालीम न करता, केवळ कळवळ्याच्या जोरावर त्या गर्दीत शिरणारा डॉक्टरच प्रमादी ठरेल. जो आधी दिसला त्याच्यापाशी तो अडकेल आणि न दिसलेले जातील. "तू सावध होतीस," ते म्हणाले. हे खरेच होते. परंतु आजीच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हते, आणि आजोबांनाही ते ठाऊक असावे.

उत्तर पुढच्या आठवड्यात मिळाले, आणि ते ग्रंथालयात मिळाले. 'स्टार्ट' पद्धतीत काळी फीत एकच असते. मृत आणि वाचण्याची आशा नसलेला यांत ती भेद करत नाही. पुढे अमेरिकेतच तयार झालेल्या 'सॉल्ट' या पद्धतीत एक पाचवा रंग घातला गेला: करडा. ज्याचा श्वास अजून चालू आहे, पण हाताशी असलेल्या साधनांत जो वाचण्याची शक्यता नाही, त्याच्यासाठी हा रंग. करडा म्हणजे टाकून दिलेला नव्हे. लाल फितींची निकड उरकताच त्याच्याकडे परत यायचे, प्रकृती पुन्हा तपासायची, जादा हात आले असतील तर त्याचा रंग बदलायचा, आणि तोवर वेदना कमी करायच्या, जवळ माणूस ठेवायचे. म्हणजे आजीने विचारलेली गोष्ट शास्त्रात होती. तालमीत तिची कोणी नेमणूक केली नव्हती, कारण माणसे कमी होती. माणसे कमी पडतात तेव्हा पहिली कात्री अशाच ठिकाणी लागते, हा अनुभव रुग्णालयांना आहे आणि घरांनाही.

या शिक्षणाचा आणखी एक भाग आपल्या समाजाने स्वस्थचित्ताने ऐकून घ्यावा असा आहे. त्या दिवशीच्या घोटाळ्यांत एक पात्र असे होते: मोठा देणगीदार, रुग्णालयाचा विश्वस्त, त्याचा पुतण्या पिवळ्या फितीत, आणि 'आधी आमच्या मुलाला आत घ्या' असा आग्रह. ती भूमिका करणाऱ्या विद्यार्थ्याने आवाज अजिबात चढवला नाही. तो अतिशय नम्रपणे, हात जोडून बोलत राहिला, आणि म्हणूनच दोन मुली गडबडल्या. व्यापारी समाजाने या देशात दवाखाने आणि धर्मशाळा बांधल्या, पांजरपोळ चालवले, हे कोणी नाकारणार नाही. त्या दानाबरोबर दूरध्वनी करण्याचा एक अलिखित हक्कही आपण हळूच जवळ ठेवतो, हेही तितकेच खरे. विशी-बाविशीच्या विद्यार्थ्यांना तालमीत 'नाही, काका, थोडे थांबा' म्हणायला शिकवतात, ते अशा हक्काला. लारे यांनी सेनानींना जे सांगितले, तेच.

आपत्ती दूरच्या गावी घडते असे मानण्याची सोय आता उरलेली नाही. 28 जानेवारी 2025 रोजी उत्तर प्रदेशातील बागपत जिल्ह्यात, बडौत येथे भगवान आदिनाथांच्या निर्वाण महोत्सवात लाडू चढवण्यासाठी उभारलेला लाकडी मचाण कोसळला. सात भाविक गेले, कितीतरी जखमी झाले. ते आपलेच लोक होते, आणि आपल्याच उत्सवात होते. महाराष्ट्राने 25 जानेवारी 2005 ची वाईजवळील मांढरदेवीची चेंगराचेंगरी पाहिली आहे. 11 जुलै 2006 ची मुंबईची संध्याकाळही पाहिली आहे. अकरा मिनिटांत लोकलगाड्यांत सात स्फोट झाले आणि रुळांकाठच्या वस्त्यांतील माणसांनी जखमींना चादरींत घालून, मिळेल त्या वाहनाने रुग्णालयात पोहोचवले. अशा वेळी रुग्णालयाच्या दारात पहिल्यांदा येतात ते बहुधा स्वतःच्या पायांनी येऊ शकणारे, कमी जखमी झालेले. तेच खाटा भरून टाकतात. गंभीर रुग्ण मागाहून येतात. दारावरच प्रतवारी करणारा नेमलेला नसेल तर मागाहून आलेल्यांना जागा मिळत नाही.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे 1,200 मुलांना शिक्षणासाठी पुण्याला आणले. संकटानंतर धावून जाण्याची आपली परंपरा भक्कम आहे. पहिल्या तासाची तयारी मात्र निराळी असते, आणि ती पैशाने लगेच उभी राहत नाही. तिला सराव लागतो. 15 एप्रिल 2013 रोजी अमेरिकेत बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये दोन स्फोट झाले. तिघे जागीच गेले. पण जे जखमी जिवंतपणी रुग्णालयांत पोहोचले, ते सर्व वाचले. त्यात दैवाचा भाग होता: शर्यतीच्या टोकाशी वैद्यकीय तंबू आधीच उभा होता, मोठी रुग्णालये जवळ होती, आणि पाळी बदलण्याची वेळ असल्याने दुप्पट माणसे हजर होती. परंतु त्या शहराने कित्येक वर्षे अशा तालमी केल्या होत्या, आणि जखमी एकाच दारात न लोटता अनेक रुग्णालयांत वाटले गेले, हे दैवाने झाले नाही. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2007 मध्येच सामूहिक अपघातांच्या वैद्यकीय तयारीविषयी मार्गदर्शिका काढलेली आहे. ती कपाटात राहते की मैदानावर येते, एवढाच प्रश्न आहे. पंचकल्याणकाच्या मंडपाची वर्गणी, भोजनशाळा, पाद्यपूजेचे चढावे यांच्या बैठकी रात्री उशिरापर्यंत चालतात. रुग्णवाहिका कोणत्या दाराने आत येईल, हा विषय त्यांत किती वेळा निघतो, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

त्या महाविद्यालयात सहा महिन्यांनी पुन्हा तालीम झाली. तिच्या आखणीत या वेळी नातही होती. तिने प्राध्यापकांकडे एकच मागणी केली: करड्या फितीच्या सतरंजीवर एक माणूस नेमावे. डॉक्टर नको, हिरव्या फितीतला, हात-पाय धड असलेला कोणीही चालेल. प्राध्यापकांनी विचारले, तो तिथे बसून काय करील? तिने घरचे उत्तर दिले नाही. कोणाचा धर्म कोणता हे त्या गोंधळात कळणार नाही आणि कोणाच्या कानात काय म्हणावे हेही ठरवता येणार नाही, याचा विचार तिने आजीशी बसून आधीच केलेला होता. ती म्हणाली, तो नाव विचारेल. सांगता आले तर फितीवर लिहील, त्या नावाने हाक मारत राहील, हात धरील. आणि कोणाचा श्वास सुधारल्यासारखा वाटला तर आम्हाला ओरडून बोलावील.

एवढ्याने वेळ वाया जात नाही, हे प्राध्यापकांना पटले. नेमणूक झाली ती प्रथम वर्षाच्या एका मुलाची. कार्डाप्रमाणे त्याचा एक हात मोडलेला होता. तालीम संपेपर्यंत त्याने दोनदा हाक दिली. त्यांतील एकदा ती खरी ठरली आणि एक फीत करड्याची लाल झाली. बैठकीत बाकीच्या फिती गोळा करून मोजल्या, तेव्हा सतरंजीवरच्या पाच फितींपैकी चारांवर डाव्या हाताने लिहिलेली वाकडीतिकडी नावे होती. पाचवीवर लिहिले होते: 'बोलू शकत नाहीत. हिरवे लुगडे. हातात तुळशीची माळ.'